जुन्या तिकिटांत दुर्मिळ काय आहे? ओळखण्यापासून विकण्यापर्यंत

जुनं तिकीट म्हणजे महाग तिकीट, हा हिशेब आधी डोक्यातून काढून टाका. जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट म्हणजे ब्रिटनचं पेनी ब्लॅक, मे १८४० मधलं. त्याच्या सुमारे ६ कोटी ८० लाख प्रती छापल्या गेल्या, आणि आजही मोठ्या लिलावांत ते हमखास असतं. उलट गांधीजींचं १० रुपयांचं तिकीट १९४८ चं, म्हणजे पेनी ब्लॅकनंतर शंभरेक वर्षांनी आलेलं. त्यावर ‘सर्व्हिस’, म्हणजे सरकारी टपालासाठी, असा ठसा असलेल्या चार तिकिटांची पट्टी लंडनच्या स्टॅनली गिबन्स या तिकीट-व्यापाऱ्यांनी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना विकली. तेव्हाच्या दराने चार कोटी रुपयांच्या वर. तोच ठसा नसलेलं तेच तिकीट जुन्या संग्राहकांच्या अल्बममध्ये पुष्कळदा दिसतं.

तिकिटाची किंमत चार गोष्टींवर ठरते. किती शिल्लक आहेत, किती जणांना हवं आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि ते अस्सल असल्याचं सिद्ध करता येतं का. पहिल्या तिन्हींवर लोक तासन्‌तास बोलतात, व्यवहार अडतो तो चौथ्यावर. आजोबांचा अल्बम हाती आला असेल किंवा एखादं भारी तिकीट विकत घ्यायचा विचार असेल, तर खालचा क्रम पाळा. तो दोन्हीकडे चालतो.

आधी काय करू नये

पहिली पायरी म्हणजे काहीही न करणं. पाकिटावरचं तिकीट भिजवून काढू नका. लहानपणी आपण सगळ्यांनीच वाटीत पाणी घेऊन हा उद्योग केलेला असतो आणि साध्या तिकिटांना तो चालतोही. पण १९५० पूर्वीचं काही असेल तर तिकीट, शिक्का, पत्ता, मागच्या बाजूचे पोचल्याचे शिक्के हे सगळं मिळून एक पुरावा असतो. संग्राहक अशा अख्ख्या पाकिटाला ‘कव्हर’ म्हणतात, आणि चांगलं कव्हर सुट्या तिकिटाच्या कित्येक पट किमतीला जातं. आतलं पत्रही टाकू नका.

बोटांनी तिकीट उचलू नका. स्टेशनरीच्या किंवा छंदाच्या दुकानात तिकिटांसाठीचा चपट्या टोकाचा चिमटा मिळतो, तो घ्या. भुवया कोरायचा चिमटा चालत नाही, त्याच्या कडा कागदाला चरे पाडतात. फाटलेल्या तिकिटाला सेलोटेप लावू नका. टेपचा डिंक काही वर्षांत कागदात उतरतो आणि तो पिवळा डाग मग कुणाकडूनही निघत नाही. ‘जरा स्वच्छ करू’ म्हणून खोडरबर, साबण, ब्लीच यांतलं काहीही नको. बाजारात मळकं अस्सल तिकीट चालतं, धुतलेलं चालत नाही.

पाऊस चालू असेल तर अल्बम उघडायची घाई करू नका. कोकणात, मुंबईत जुलैची हवा मिंट, म्हणजे न वापरलेल्या, तिकिटाच्या मागच्या डिंकाला पुरेशी असते. पान मिटलं की तिकीट चिकटलंच.

ढीग पाडा

आता ढोबळ वर्गवारी करा. १८५४ ते १९०१ व्हिक्टोरिया राणी, मग सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, सहावा जॉर्ज, त्यानंतर स्वतंत्र भारत. संस्थानांची तिकिटं वेगळी ठेवा, गोव्याची वेगळी, परदेशी वेगळी. कोर्ट फी आणि रेव्हेन्यू स्टँप आणखी वेगळ्या ढिगात. त्यांचेही संग्राहक असतात, पण तो बाजार निराळा.

सहाव्या जॉर्जची बहुतेक साधी तिकिटं, २१ नोव्हेंबर १९४७ चं साडेतीन आण्याचं तिरंग्याचं ‘जय हिंद’ तिकीट, ‘ऑन एच. एम. एस.’ किंवा ‘सर्व्हिस’ छापलेली राजाराणीची तिकिटं या सगळ्यांची किंमत किरकोळ असते. घराघरांत हीच असतात, आणि ऑनलाइन जाहिरातींत ‘अतिदुर्मिळ, पाच लाख’ म्हणून हीच दिसतात. त्या जाहिराती वाचून भाव ठरवू नका. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांचा एकमेकांशी संबंध असतोच असं नाही.

संस्थानांच्या ढिगाकडे मात्र मराठी माणसाने जरा थांबून बघावं. इंदूरच्या होळकरांचं पहिलं तिकीट १८८६ चं, तुकोजीराव दुसरे यांच्या चित्राचं. निजामाच्या जुन्या तिकिटांवर इतर लिप्यांबरोबर मराठी मजकूरही आहे, आणि मराठवाड्यातल्या वाड्यांमधून तशी पत्रं अजून निघतात. ग्वाल्हेर आणि चंबा ही संस्थानं ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर आपलं नाव छापून घेत. त्या छपाईत कंपोझिटरच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याच्या, चुका राहिल्या. चंबाचं CHAMBA ऐवजी CHMABA झालेलं तिकीट त्यातलं प्रसिद्ध. म्हणून रोमन अक्षरं एकेक करून वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण साध्या दिसणाऱ्या ढिगातून काही सापडलंच तर ते बहुतेक असंच सापडतं.

गोव्याची तिकिटं १८७१ पासूनची. सुरुवातीची तिथल्या तिथे, स्थानिक साधनांवर ठोकून काढलेली, म्हणून ओबडधोबड. संग्राहक त्यांना ‘नेटिव्ह’ म्हणतात. १८८१ च्या सुमारास चलनाची फेररचना झाली, रुपयाचे सोळा ‘टांगा’ (गोव्यातलं तेव्हाचं नाणं) ठरले, आणि जुन्या साठ्यावर नव्या किमती छापायचा सपाटा लागला. उलटे ठसे, दुहेरी ठसे, चुकीच्या तिकिटावरचे ठसे या काळात भरपूर. त्यांच्या नकलाही तितक्याच भरपूर. पोर्तुगीज हिंदुस्थानचा अल्बम सापडला तर तो एकट्याने उलगडायच्या भानगडीत पडू नका, त्या विषयाचा माणूस गाठा.

तीन चेहरे पाठ करा

भारतीय तिकिटांत भारी किमतीची नावं बरीच आहेत. पण घरात काही सापडलं की लोक ज्यांची आशा धरतात, ती मुख्यतः तीन.

पहिलं सिंध डाक. १ जुलै १८५२, किंमत अर्धा आणा. सिंधचे कमिशनर बार्टल फ्रेअर यांनी ते काढलं. हेच फ्रेअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि फोर्टातलं फ्लोरा फाउंटन मुळात त्यांच्या नावाने बांधलं जात होतं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तिकीट गोल, मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं हृदयाच्या आकाराचं व्यापारी चिन्ह, भोवती ‘सिंध डिस्ट्रिक्ट डाक’ ही इंग्रजी अक्षरं, आणि हे सगळं शाईने छापलेलं नाही तर दाबून उठवलेलं. ते तीन प्रकारांत मिळतं. लाल रंगाचं लाखेसारख्या चकतीवरचं, पांढऱ्या कागदावर बिनरंगी उठावाचं, आणि निळं. लाल चकती ठिसूळ होती, हाताळताना तुटायची, म्हणूनच ती टिकली नाही आणि म्हणूनच ती सगळ्यात दुर्मिळ. १ ऑक्टोबर १८५४ ला सबंध हिंदुस्थानची तिकिटं आली आणि सिंध डाक बंद झालं.

आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट म्हणून त्याला जगभर मागणी आहे, आणि त्याच कारणाने त्याच्या नकला शंभरेक वर्षं निघताहेत. अल्बममध्ये सुटं, स्वच्छ, शिक्का नसलेलं, छान गोल कापलेलं सिंध डाक दिसलं तर ते नक्कल आहे असं धरूनच पुढे चला. अस्सल निघालं तर आनंदच. मूळ पाकिटावर, त्या काळच्या सिंधमधल्या शिक्क्यासह असेल तर मात्र ताबडतोब बाजूला ठेवा आणि कुणाच्या हातात देऊ नका.

दुसरं १८५४ चं चार आण्याचं, लाल चौकट आणि निळं डोकं असलेलं. कलकत्त्याच्या सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत, कॅप्टन थुलिअर यांच्या देखरेखीखाली ते दगडी छपाईवर (लिथोग्राफीवर) निघालं. दोन रंग, म्हणजे प्रत्येक ताव यंत्रातून दोनदा जाणार. काही ताव दुसऱ्या वेळी उलटे गेले आणि राणीचं डोकं चौकटीत उलटं उमटलं. जगातल्या सुरुवातीच्या उलट-छपाईच्या चुकांपैकी ही एक. आज माहीत असलेल्या प्रती तीसच्या आसपास. चौकट अष्टकोनी असल्यामुळे त्या काळचे लोक हे तिकीट आठ बाजूंनी कापून लावत. त्यामुळे चौकोनी कापलेल्या, चारी बाजूंना समास असलेल्या प्रतीची किंमत अष्टकोनी प्रतीपेक्षा पुष्कळ जास्त. साधं, सरळ डोक्याचं चार आण्याचं तिकीटही चांगल्या समासासह असेल तर बऱ्यापैकी मोलाचं असतं, हे लक्षात ठेवा. उलट्या डोक्याच्या नादात लोक तेच फुंकून टाकतात.

नकला बनवणारे दोन वाटा धरतात. अस्सल तिकिटातलं डोकं काढून उलटं बसवायचं किंवा सबंध तिकीटच नव्याने छापायचं. पहिल्या प्रकारात तिकीट उजेडासमोर धरलं की जोडाची कडा दिसते, कागदाची जाडी मध्येच बदलते.

तिसरं गांधीजींचं. १५ ऑगस्ट १९४८, पहिल्या स्वातंत्र्यदिनाच्या वर्धापनाला चार तिकिटांचा संच निघाला. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. वर ‘बापू’ ही अक्षरं हिंदी आणि उर्दूत. छपाई स्वित्झर्लंडच्या कूरव्हॉझिए या छापखान्यात, फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीने, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून. गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या कचेरीसाठी प्रत्येक किमतीच्या फक्त १०० तिकिटांवर ‘सर्व्हिस’ असा इंग्रजी ठसा मारला गेला. २०१७ च्या त्या विक्रीवेळी दहा रुपयांच्या ठसा असलेल्या १३ प्रतीच खासगी हातांत असल्याचं सांगितलं गेलं होतं.

आता नीट विचार करा. साध्या दहा रुपयांच्या तिकिटावर सात अक्षरं छापली की किंमत कोटीत जाते. असा मोह कोण सोडेल? बिनठशाचं दहा रुपयांचं तिकीटही स्वस्त नाही, म्हणून त्याच्याही नकला आहेत, आणि धुऊन नवी केलेली किंवा खोटे शिक्के मारलेली तिकिटंही. संचातली छोटी तिन्ही तिकिटं पुष्कळ मिळतात.

एक सांगून ठेवतो. ब्रिटिश गियानाचं १८५६ चं एक सेंटचं किरमिजी तिकीट, अमेरिकेचं १९१८ चं उलट्या विमानाचं २४ सेंटचं, मॉरिशसची १८४७ ची ‘पोस्ट ऑफिस’ तिकिटं ही बातम्यांत येतात, आपल्या ट्रंकेत येत नाहीत. गियानाच्या तिकिटाची एकच प्रत माहीत आहे. १८७३ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलाला ते सापडलं आणि त्याने सहा शिलिंगांना विकलं. २०१४ मध्ये त्याला सुमारे ९५ लाख डॉलर आले, २०२१ मध्ये सुमारे ८३ लाख. म्हणजे जगातल्या सगळ्यात महाग तिकिटाचा भावसुद्धा सात वर्षांत खाली आला. तिकिटं म्हणजे हमखास वाढणारी गुंतवणूक, असं सांगणाऱ्या विक्रेत्याला हे दोन आकडे जरूर विचारा.

तिकीट साधं, शिक्का भारी

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सामान्य घरातल्या जुन्या अल्बममध्ये काही सापडायची खरी शक्यता इथेच आहे.

व्हिक्टोरियाची १८५५ नंतरची अर्धा आणा, एक आणा, चार आण्याची तिकिटं अफाट संख्येने उरली आहेत. पण त्यांवर टपाल कचेरीचा क्रमांक असलेला शिक्का पडायचा, आणि तो क्रमांक कुठला यावर भाव बदलतो. मुंबई विभागाचा शिक्का शंकरपाळ्याच्या आकारातल्या रेघांचा आणि मध्ये नुसता आकडा. बंगाल विभागाच्या शिक्क्यात आकड्यावर बी हे अक्षर, मद्रासच्या शिक्क्यात सी. लिलावाच्या याद्यांत ‘कूपर टाइप’ असा उल्लेख दिसतो. तो मुंबईचे तिकीट-अभ्यासक जाल कूपर यांनी या शिक्क्यांची जी वर्गवारी लावली, तिच्यावरून.

आता मौज बघा. एडन त्या काळी मुंबई इलाख्याच्या कारभारात होतं, त्यामुळे शंकरपाळ्यात १२४ हा आकडा दिसला तर ते तिकीट एडनमध्ये वापरलेलं आहे. बी आणि १७२ म्हणजे सिंगापूर. बी आणि १४७ म्हणजे पिनांग, बी आणि १०९ म्हणजे मलाक्का. १८६७ मध्ये त्या भागाची स्वतंत्र तिकिटं आली, तोवर तिथे हिंदुस्थानचीच चालत. मस्कत, बसरा, बुशहर, झांझिबार इथेही हिंदी टपाल कचेऱ्या होत्या, तिथले शिक्के बहुधा पूर्ण नाव असलेले. मुंबईत, अलिबागेत, रत्नागिरीत ज्या घराण्यांचा अरबस्तानाशी आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याशी व्यापार होता, त्यांच्या जुन्या कागदपत्रांत अशी पाकिटं असू शकतात. सामान्य तिकीटवाला ती ‘व्हिक्टोरिया, वापरलेलं’ म्हणून किलोच्या भावात घेतो. म्हणून व्हिक्टोरियाचा ढीग विकण्याआधी भिंग घेऊन प्रत्येक शिक्क्याचा आकडा वहीत उतरवा. शिक्का अर्धवट असेल तर दोन-तीन तिकिटं शेजारी ठेवून आकडा जुळतो का ते पाहता येतं.

पाकिटांतलंही एक उदाहरण. १८ फेब्रुवारी १९११ रोजी हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला टपाल नेलं, जगातली पहिली अधिकृत विमानडाक म्हणून ते ओळखलं जातं. त्यावर विमानाचं चित्र असलेला खास शिक्का आहे. पत्रं सुमारे साडेसहा हजार गेली होती, त्यामुळे ही पाकिटं बाजारात येत राहतात. ती मोलाची आहेत, पण एकमेव नाहीत. कोणी ‘जगात एकच’ म्हणून विकत असेल तर पुढे चला.

तपासायची हत्यारं

दहापट भिंग, परफोरेशन मोजायची पट्टी, वॉटरमार्क बघायची काळी तबकडी आणि एक छोटा अतिनील दिवा. एवढं पुरतं, आणि हे सगळं मिळून फार खर्चाचं नाही.

भिंगाखाली छपाई बघा. आजची ऑफसेट छपाई रंगीत ठिपक्यांच्या वर्तुळांची बनते. १८५४ च्या दगडी छपाईत असे ठिपके असूच शकत नाहीत, आणि कूरव्हॉझिएच्या फोटोग्रॅव्ह्यूरमध्ये रंग बारीक, एकसारख्या जाळीतून मऊ उतरतो. गांधीजींच्या तिकिटावर रंगीत ठिपके फुटलेले दिसले की विषय संपला.

परफोरेशन म्हणजे कडेची भोकं, दोन सेंटिमीटरमध्ये किती ते मोजायचं. गांधी संच साडेअकराचा. १८५४ ची दगडी छपाईची तिकिटं बिनभोकांची, कात्रीने कापलेली. पुढच्या काळातल्या स्वस्त तिकिटांची भोकं कापून ती ‘बिनभोकांची चूक’ म्हणून खपवण्याचा धंदा जुना आहे. म्हणून सुट्या बिनभोकांच्या तिकिटावर विश्वास ठेवायचा तो समास भरपूर असतील तरच. जोडी असेल तर आणखी बरं.

वॉटरमार्क हा कागदातला छाप. १८५४ च्या अर्ध्या आणि एक आण्याच्या तावांत मोठं राजचिन्ह पसरलेलं आहे, त्यामुळे एका तिकिटात त्याचा तुकडाच येतो, कधी काहीच येत नाही. १८६५ पासून हत्तीचं डोकं, १८८० च्या दशकापासून एकच तारा. १९२५ पर्यंत छपाई लंडनला डे ला रू या कंपनीकडे होती. मग नाशिकचा सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि १९२६ पासून तिथल्या तिकिटांवर अनेक ताऱ्यांचा वॉटरमार्क आला. पाचव्या जॉर्जचं तिकीट लंडनचं की नाशिकचं, हे त्यावरून कळतं. पाहायची पद्धत अशी. तिकीट पालथं काळ्या तबकडीत ठेवायचं, वॉटरमार्कचं द्रव दोन थेंब टाकायचं, क्षणभर छाप काळा उठून दिसतो आणि मग द्रव उडून जातं. तेच द्रव दुरुस्त केलेली चीर, पातळ झालेला भाग, नव्याने लावलेला कागद हेही उघडं पाडतं. ते पेट घेणारं असतं, तेव्हा स्वयंपाकघरात नको, खिडक्या उघड्या हव्यात. फोटोग्रॅव्ह्यूरच्या काही शाया त्यात विरघळतात, म्हणून गांधी संचासारख्या तिकिटांवर ते मुळीच वापरू नका.

अतिनील दिव्याखाली आधुनिक कागद निळसर पांढरा लकाकतो, कारण त्यात उजळपणाची रसायनं असतात. ती कागदात सर्रास येऊ लागली १९५० च्या सुमारापासून. व्हिक्टोरियाचं तिकीट दिव्याखाली ट्यूबलाइटसारखं चमकलं तर कागद त्या काळचा नाही.

एवढं करूनही चांगली नक्कल सुटू शकते. जाँ द स्पेराती नावाचा इटालियन कारागीर स्वस्त, अस्सल तिकिटावरचं चित्र रसायनाने उडवायचा आणि त्याच कागदावर महागड्या तिकिटाचं चित्र छापायचा. म्हणजे कागद खरा, वॉटरमार्क खरा, पुष्कळदा शिक्काही खरा! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच कस्टम्सने त्याच्या मालावर मौल्यवान तिकिटांची निर्यात म्हणून बोट ठेवलं आणि ती आपणच बनवलेली आहेत हे त्याला सांगावं लागलं. पुढे ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशनने त्याचा साठा आणि साधनंच विकत घेतली, त्याने थांबावं म्हणून. अशा हाताचं काम घरच्या भिंगाने ओळखता येत नाही.

दर्जा

मध्यावर असलेलं चित्र, शाबूत भोकं, न उडालेला रंग, मागे पातळपणा नाही, घडी नाही, तांबेरा नाही. न वापरलेल्या तिकिटाला मूळ डिंक आहे का आणि हिंज (तिकीट अल्बमला चिकटवायची छोटी कागदी पट्टी) लावल्याची खूण आहे का, हेही बघतात. आपल्या हवेत तांबूस ठिपके सगळ्यांत जास्त नुकसान करतात आणि ते शेजारच्या तिकिटाला पसरतात. डागाळलेलं तिकीट लगेच वेगळं करा. साठवणीला पीव्हीसी नसलेली पाकिटं, अल्बम उभे, सोबत सिलिका जेल, आणि लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको. जुन्या तिकिटाला नवा डिंक लावून ‘मिंट’ केलेलं असतं. नवा डिंक भोकांच्या टोकांवर घट्ट बसतो आणि ती टोकं बोटाला ताठ लागतात.

प्रमाणपत्र

एखादं तिकीट या सगळ्या चाळणीतून राहिलं, तर तज्ज्ञ समितीकडे पाठवा. लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी आणि न्यूयॉर्कची फिलाटेलिक फाउंडेशन यांची प्रमाणपत्रं जगभर चालतात. छायाचित्रासह कागद मिळतो, त्यावर अस्सल, नक्कल, दुरुस्त केलेलं, किंवा क्वचित ‘मत देता येत नाही’ असं लिहिलेलं असतं. काम महिन्यांच्या हिशेबात होतं आणि फी तिकिटाच्या किमतीप्रमाणे वाढते, म्हणून हजार-दोन हजारांच्या तिकिटासाठी हा खटाटोप करू नका.

पाठवण्याआधी एक अडचण सोडवावी लागते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो आणि परवानगीशिवाय त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमचं तिकीट त्यात बसतं का, हे वकिलाला किंवा मोठ्या लिलावगृहाला लेखी विचारा. पाकिटात घालून परदेशी नातेवाइकाबरोबर धाडणं हा शहाणपणा नाही.

विकत घेताना कुणी प्रमाणपत्र दाखवलं, तर छायाचित्रातली भोकं, शिक्क्याची जागा, समास हातातल्या तिकिटाशी जुळवा. खरं प्रमाणपत्र आणि दुसरंच तिकीट ही जोडी बाजारात फिरते. प्रमाणपत्र फार जुनं असेल तर नवं मागा, कारण तपासणीची साधनं सुधारली आहेत आणि जुनी मतं बदलतात.

विकणं

तिकिटांच्या कॅटलॉगमधला, म्हणजे भावांच्या यादीतला, भाव हा निर्दोष प्रतीचा, दुकानदाराने विकतानाचा असतो. तुमच्या हातात त्याचा काही भागच येणार. साध्या तिकिटांना तर अगदी थोडा. खरा भाव हवा असेल तर झालेल्या लिलावांचे निकाल बघा. बरीच लिलावगृहं ते इंटरनेटवर ठेवतात. त्यात तुमच्यासारख्याच दर्जाची प्रत शोधा.

साध्या ढिगाला व्यापारीच बरा. दोघातिघांकडून भाव घ्या, आणि ‘हे दोन-चार वेगळे द्या, बाकीचं ठेवा’ म्हणणाऱ्याला ते दोन-चार विकू नका. त्याला त्यात काहीतरी दिसलेलं असतं. मोलाच्या एकेका तिकिटाला लिलाव बरा. तिथे विक्रेत्याचं कमिशन किती, किमान राखीव किंमत ठेवता येते का, न विकलं गेल्यास शुल्क पडतं का, पैसे किती दिवसांत, विमा कुणाचा, हे सगळं करारात हवं. तिकीट देण्याआधी पुढून-मागून सहाशे डीपीआयवर स्कॅन करा आणि क्रमवार यादीवर पोचपावती घ्या. ओळखीचा माणूस असला तरी घ्या. त्याला राग आला तर तो माणूस नको.

तिसरी वाट संग्राहकांच्या मंडळांची. मोठ्या शहरांत ती असतात, प्रदर्शनं भरवतात, आणि तिथे सिंधवाला, संस्थानवाला, गोवावाला असे एकेका विषयाचे वेडे लोक भेटतात. त्यांचं ऐकायला पैसे लागत नाहीत. मुंबईच्या जीपीओतल्या फिलाटेलिक ब्यूरोत नवी तिकिटं छापील किमतीला मिळतात. तिथे जुन्याचं मूल्यमापन होत नाही, पण रांगेत उभ्या माणसांशी बोललात तर मंडळाचा पत्ता मिळून जातो.

विकत घेताना

महाग तिकीट घ्यायचं असेल तर बिलावर कॅटलॉग क्रमांक, दर्जा, दुरुस्ती असल्यास तिचा उल्लेख, आणि ‘प्रमाणपत्र प्रतिकूल आल्यास पूर्ण पैसे परत’ हे वाक्य लिहून घ्या. लिलावात घेत असाल तर बोलीआधीच, तज्ज्ञ मतासाठी मुदतवाढ मागा. बोलीवर खरेदीदाराचं शुल्क आणि कर चढतात, तेव्हा मनातला आकडा ते धरून ठरवा. छोट्या देशांच्या नावाने निघालेली रंगीत गांधी किंवा क्रिकेटपटूंची पानं बऱ्याचदा त्या देशाच्या टपाल खात्याने काढलेलीच नसतात. जागतिक टपाल संघ अशा बेकायदा तिकिटांची परिपत्रकं काढतो, घेण्याआधी ती चाळा. आणि गांधीजींचं ‘सर्व्हिस’ तिकीट कुणी पन्नास हजारांत देऊ करत असेल, तर घासाघीस करत बसू नका.